धूळ झाडल्यानंतर

चालती वस्तु स्वच्छ केली कीं ती बंद पडते, हा गृहस्थाश्रमांतील एक जुना अनुभव आहे. भिंतीवरचें घड्याळ वर्षानुवर्षें जळमटांच्या संगतींत बिनतक्रार टोले देत असतें. दिवाळीच्या सुमारास कोणी तरी तें उतरवतो, कांच पुसतो, यंत्रांत दोन थेंब तेल सोडतो, आणि पुनः खिळ्यावर अडकवल्यापासून त्याचा लंबक चार हेलकावे खाऊन थांबूं लागतो. शिवणयंत्र, पाण्याचा पंप, आजोबांचा कंदील यांच्याविषयीं अशी एखादी कथा ज्या घरांत नाहीं, तें घर बहुधा कधीं झाडलेंच जात नसावें. या कथा सांगणारी मंडळी शेवटीं एकच निष्कर्ष काढतात: चालतें आहे त्याला हात लावूं नये. मला हा निष्कर्ष आळसाच्या सोयीचा वाटतो. धुळीनें मेलेलीं यंत्रें कोणाच्या कथेंत येत नाहींत, कारण तीं हळूहळू मरतात आणि त्यांच्या मरणाला साक्षीदार नसतो. स्वच्छतेनंतर बंद पडलेलें यंत्र मात्र एका ठराविक दिवशीं, एका ठराविक माणसाच्या हातून बंद पडतें, आणि त्या माणसाला सगळें घर ओळखत असतें.

गेल्या नवरात्रांत आमच्या घरीं तो माणूस म्हणजे माझे वडील बंधु होते.

दादांचें वय आज अठ्ठ्याहत्तर. तारखात्यांत त्यांनीं अडतीस वर्षें काढलीं, तीं बहुतेक सातारा, कऱ्हाड आणि मिरज या तीन ठिकाणीं. ते नोकरींत शिरले त्या काळीं तारयंत्राच्या कट्ट-कडकट्ट आवाजावरून मजकूर उतरवून घेणें हीच तारमास्तराची विद्या होती. पुढें दूरमुद्रक आले, मग पडदे आले, आणि १४ जुलै २०१३ च्या रात्रीं ती सेवाच सरकारनें बंद केली. तोंपर्यंत दादांना निवृत्त होऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं. त्या रात्रीं त्यांनीं स्वतःच्याच नांवानें एक तार केली होती, ती अजून त्यांच्या पाकिटांत आहे. अशा माणसाला हत्याराविषयीं जी भक्ति असते ती आमच्यासारख्या लेखणीवाल्यांना समजत नाहीं. खंडेनवमीला आमच्या घरीं तलवार नाहीं, पण पक्कड, पान्हा, विळी, कात्री, शिवणयंत्र आणि दादांच्या जवळची पितळी तारकिल्ली हीं सारीं घासून पुसून पाटावर मांडलीं जातात, आणि त्यांच्या शेजारीं गेलीं बारा-तेरा वर्षें संगणकालाहि झेंडूची माळ पडते.

तो संगणक वहिनींचा. छापखान्यांचें अक्षरजुळणीचें काम त्या घरीं आणून करीत असत, आणि त्यासाठींच माझ्या पुतण्यानें २०११ सालीं मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून सुटे भाग आणून तो जुळवून घेतला होता. वहिनी २०२० सालीं गेल्या. जाण्यापूर्वीं पांच-सहा वर्षें छापखान्याचें काम सोडून त्यांनीं एकच काम हातीं धरलें होतें. आमची आई जात्यावर ज्या ओव्या म्हणत असे त्या, आईचें वय नव्वदीच्या पुढें गेलेलें असतांना, तिच्यासमोर बसून त्यांनीं उतरवून घेतल्या आणि एक एक करून त्या यंत्रांत घातल्या. अकराशें चाळीस ओव्या आहेत. आईच्या पश्चात् त्यांतील बऱ्याचशा ओव्या म्हणणारें कोणी उरलें नाहीं, आणि वहिनींच्या पश्चात् त्या कोणत्या क्रमानें, कोणत्या प्रसंगाला म्हणावयाच्या हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. तो क्रम त्यांनीं यंत्रांतच लावून ठेवला आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "आंतली तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला लावली म्हणजे झालें," असें आजचा कोणताहि मुलगा सांगेल, आणि तें खोटेंहि नाहीं. यंत्र मेलें तरी त्याची स्मरणतबकडी बहुधा जिवंत असते. परंतु वहिनींची संवय जुन्या अक्षरसंचाची. देवनागरीला युनिकोडांत १९९१ सालापासूनच जागा होती; तरी आपल्याकडील छापखाने त्यानंतर कितीतरी वर्षें निराळ्याच युक्तीनें काम करीत राहिले. इंग्रजी अक्षराच्या घरांत मराठी अक्षराचें चित्र बसवावयाचें, म्हणजे यंत्राला वाटतें आपण इंग्रजी लिहीत आहों आणि माणसाला दिसतें मराठी. तो अक्षरसंच ज्या यंत्रांत नाहीं तेथें तोच मजकूर उघडला तर ओवीच्या जागीं इंग्रजी अक्षरें, कंस, टक्क्याचीं चिन्हें आणि उलटे स्वल्पविराम यांचा चिवडा दिसतो. हा चिवडा निवडून पुनः मराठी करण्याचीं साधनें आहेत, पण जोडाक्षरांत तीं चुकतात; आणि वहिनींनीं ओवींतला विसावा व सूर लांबवण्याची जागा दाखवण्यासाठीं स्वतःच जीं चिन्हें योजलीं होतीं तीं त्या साधनांना ठाऊक असण्याचें कारणच नाहीं. मजकूर नष्ट झाला नसता. पण तो वहिनींनीं ठेवला तसा राहिलाहि नसता. एका तबकडीवर त्यांनीं नक्कल काढून ठेवली होती, ती आतां कोणतेंहि यंत्र वाचीत नाहीं.

दादांनीं यंत्र उघडलें तें सप्तमीला. त्यांच्या जागीं मी असतों तरी उघडलेंच असतें, कारण उन्हाळ्यापासून तें तापून आपोआप बंद पडूं लागलें होतें. संगणकाच्या पेटींत पंखे असतात ते बाहेरची हवा आंत ओढतात. हवेबरोबर कपड्यांचे तंतु, माणसाच्या कातडीचा कोंडा, रस्त्याची माती हें सगळें आंत येतें, आणि मुख्य चिपेवरच्या धातूच्या पातळ पात्यांत अडकून त्याचें नमद्यासारखें थर बनतात. हवा त्या पात्यांतून जाऊं शकली नाहीं म्हणजे चिप तापते. प्रथम ती स्वतःच आपला वेग कमी करते, आणि तरीहि उष्णता शंभर अंशांच्या आसपास चढत गेली तर जळून जाण्यापेक्षां बंद होणें पतकरते. दादांनीं रंगाच्या नव्या कुंचल्यानें तो नमदा काढला तेव्हां त्याची घडी करतां आली असती. त्यांनीं पंखे बोटानें धरून ठेवले, कारण वाऱ्यानें पंखा गरगर फिरला कीं तो उलट वीज निर्माण करतो हें त्यांना ठाऊक होतें. हात लावण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या लोखंडाला स्पर्श केला. माणसाच्या अंगावर सांचलेली वीज ३,००० व्होल्टांच्या आसपास गेल्याखेरीज आपल्याला ठिणगीचा चटका जाणवत नाहीं, पण आंतल्या कांहीं चिपांचा घात करण्याला १०० व्होल्टहि पुरतात. स्मरणपट्ट्या, ज्यांना सगळे रॅम म्हणतात, त्या दोन्ही काढून पुसल्या आणि परत बसवल्या. मग पेटी मिटून, बाहेरून ओल्या फडक्यानें पुसून, पाटावर ठेवली. अष्टमी गेली, नवमीला पूजा झाली, आणि दसऱ्याच्या संध्याकाळीं सोनें वाटून झाल्यावर दादांनीं वीज जोडून कळ दाबली.

पंखे फिरले. दिवा लागला. पडदा काळा राहिला.

त्यांनीं पुनः दाबली, पुनः तेंच. पडद्याची तार दोन्ही टोकांना घट्ट होती. पुतण्याला बंगळूरास दूरध्वनि लावला, तो म्हणाला, "बाबा, तेरा वर्षांचें यंत्र आहे तें. ज्या प्रणालीवर तें चालतें तिची देखभाल कंपनीनें जानेवारी २०२० मध्येंच थांबवली. तें आतां भंगारांत द्या, मी नवें पाठवतों." मुलाच्या बोलण्यांत वाईट कांहीं नव्हतें. दादांनीं "बरें" म्हटलें, खालीं ठेवलें, आणि ते जेवायला उठले नाहींत. रात्रीं मी त्यांच्या खोलींत डोकावलों तेव्हां ते खाटेवर बसून आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होते. गेलीं दोन वर्षें त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप आहे. "माझ्या हातांनीं गेलें रे," एवढेंच ते म्हणाले.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, म्हणून जें आठवलें तें लिहितों. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या किनारारक्षक विमानदलाला वॉडिंग्टन नांवाचा एक शास्त्रज्ञ सल्ला देत असे. तो मूळचा गर्भविज्ञानाचा अभ्यासक, विमानांचा नव्हे. विमान ठराविक ५० तास उडालें म्हणजे त्याची सक्तीची तपासणी व देखभाल होत असे. दोन तपासण्यांच्या मध्यंतरांत कोणत्या दिवशीं किती अकल्पित बिघाड होतात, याची मांडणी त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं केली. देखभालीचा कांहीं उपयोग असेल तर तपासणीनंतर बिघाड कमी असावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसतसे ते वाढावेत. आढळलें नेमकें उलट. सर्वांत अधिक बिघाड तपासणीनंतर लगेच होत, आणि पुढें ते कमी कमी होत जात. जें नीट चाललें होतें तें उघडून, हलवून, परत बसवण्यांत कांहींतरी बिघडत होतें. हें सगळें त्यानें एका पुस्तकांत लिहून ठेवलें, पण तें १९७३ पर्यंत छापून बाहेर आलें नाहीं. याच जातीची दुसरी गोष्ट अमेरिकेंतील एनिॲक या आरंभीच्या संगणकाची. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्या मुख्यतः यंत्र तापतांना आणि निवतांना, म्हणजे चालू करतांना व बंद करतांना फुटत, म्हणून तें यंत्र शक्य तों बंदच करीत नसत.

आतां यांतून "हात लावूं नये" असें कोणी म्हणेल तर त्यानें ती गोष्ट अर्धीच ऐकली. त्या मंडळींनीं विमानांची देखभाल सोडली नाहीं. कोणती तपासणी कामाची आणि कोणती नुसता उपद्रव हें पाहून तिची नव्यानें आखणी केली. आणि मला त्यांतून त्या रात्रीं उपयोगाची गोष्ट दिसली ती वेगळीच. हाताळणीनंतर येणारे बिघाड बहुधा हाताळलेल्या जागींच असतात. म्हणजे शोध सगळ्या यंत्रांत करावयाचा नाहीं. जेथें जेथें दादांचीं बोटें गेलीं तेवढ्याच जागांत करावयाचा. हा हिशेब दादांच्या हातांवरचा आरोप नव्हता, त्या हातांना दिलेली यादी होती. पण रात्रीं दोन वाजतां हें त्यांना जाऊन सांगण्यांत अर्थ नव्हता.

सकाळीं चहा झाल्यावर मी म्हटलें, "दादा, सातारा-कऱ्हाड तार तुटली तर तुम्ही काय करीत होतां?"

"मधल्या ठाण्याला विचारीत होतों," ते म्हणाले. "तेथपर्यंत आवाज पोंचला तर बिघाड पुढें, नाहीं पोंचला तर अलीकडे. मग जो भाग उरला त्याच्या मध्यावर पुनः तेंच. लाइनमन उगीच सगळे खांब चढत नसे." बोलतां बोलतांच त्यांच्या लक्षांत आलें मी काय विचारतों आहें तें. ते उठले आणि चष्मा शोधूं लागले.

पेटी पुनः टेबलावर घेतली. मी कळ दाबली आणि कान लावून ऐकूं लागलों. संगणक चालू होतांना प्रथम स्वतःचीच परीक्षा घेतो: चिप आहे ना, स्मरणपट्टी आहे ना, पडद्याकडे चित्र पाठवणारा भाग आहे ना. त्यांत कांहीं उणें आढळलें आणि पडद्यावर लिहून सांगण्याची सोयच नसली, तर तो एका चिमुकल्या भोंग्यांतून शिटी वाजवून सांगतो. हल्लींच्या पुष्कळ यंत्रांत हा भोंगा नसतो. ही काटकसर कोणाच्या डोक्यांतून निघाली कोण जाणे. आमच्या यंत्रांत तो होता आणि दसऱ्याच्या संध्याकाळींहि वाजला असला पाहिजे. पण बाहेर ताशे चालले होते, आणि दादांचे कान आतां बारीक आवाज पकडीत नाहींत. मला ऐकूं आलें तें मी त्यांच्यापुढें टेबलावर पेन्सिलीनें वाजवून दाखवलें: एक लांब, एक आखूड.

"एन," दादा ताबडतोब म्हणाले.

मोर्सच्या लिपींत लांब-आखूड म्हणजे एन हें अक्षर. यंत्राची भाषा अर्थात् मोर्सची नव्हे. प्रत्येक कारखान्याचे संकेत निराळे असतात आणि ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेले असतात. पुस्तिका वहिनींच्या कपाटांत सांपडली. त्यांत एक लांब व एक आखूड या शिटीचा अर्थ होता: स्मरणपट्टी किंवा मुख्य फलक यांत दोष. पट्ट्यांना दादांचा हात लागलेला होता. तेव्हां मधलें ठाणें सांपडलें.

मग दादांनीं सूत्रें आपल्या हातीं घेतलीं आणि मी लाइनमन झालों. विजेची तार काढली. तार काढल्यानंतरहि आंत कांहीं वीज शिल्लक राहते, म्हणून कळ थोडा वेळ दाबून ती निचरूं दिली. फलकावर पट्ट्यांसाठीं दोन खांचा आहेत. दोन्ही पट्ट्या काढून पहिली पट्टी पहिल्या खांचेंत एकटीच बसवली. वीज जोडून कळ दाबली. लांब, आखूड. "एन." वीज काढून ती पट्टी बाहेर घेतली आणि दुसरी पट्टी त्याच खांचेंत बसवली. पुनः एन. दोन्ही पट्ट्या एकाच दिवशीं मेल्या असें मानायला दादा तयार नव्हते. पहिली पट्टी दुसऱ्या खांचेंत बसवली, दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन् मिटल्या, आणि कळ दाबतांच आवाज बदलला: आखूड, आखूड.

"आय," दादा म्हणाले. पडद्यावर पांढरीं अक्षरें उमटलीं होतीं, पण ते अजून माझ्या पेन्सिलीकडेच पाहत होते.

म्हणजे पट्ट्या निर्दोष होत्या आणि पहिल्या खांचेंत कांहींतरी होतें. भिंग आणि विजेरी घेऊन पाहिलें तर खांचेच्या तळाशीं, सोनेरी दांत्यांच्या रांगेंत आडवा पडलेला, कुंचल्याचा एक काळा केंस दिसला. नव्या कुंचल्याचे केंस पहिल्या दोन-तीन वापरांत गळतातच. पट्टी वरून बसल्यासारखी दिसे, कडीहि लागे, पण तळाशीं केंसभर अंतर राही. "केंसभर" हा शब्द मी येथें अक्षरशः वापरीत आहें. दादांच्या हाताला कंप सुटेल म्हणून मी चिमट्यासाठीं हात पुढें केला. त्यांनीं चिमटा माझ्याकडे दिला नाहीं. मनगट पेटीच्या कडेवर टेकवलें, श्वास रोखला, आणि केंस पहिल्याच खेपेला बाहेर काढला.

यंत्र जागें झालें, पण शुद्धीवर आलें नव्हतें. दोन आखूड शिट्ट्यांचा पुस्तिकेंतला अर्थ असा कीं, यंत्राच्या मूळ नोंदी बिघडल्या आहेत. आणि पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २०१०. या नोंदी, म्हणजे दिवस-वेळ, कोणती तबकडी आधीं वाचावी, तिच्याशीं कोणत्या रीतीनें बोलावें असल्या गोष्टी, फलकावर एका लहानशा स्मृतींत असतात. यंत्र बंद असतांना ती स्मृति व तिच्या शेजारचें घड्याळ जागें ठेवण्यासाठीं रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, तिला सी. आर. २०३२ म्हणतात. या आंकड्यांत गूढ कांहीं नाहीं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळाचा गारेचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. एकाची दुप्पट सलग पंधरा वेळां केली कीं ही संख्या येते, आणि म्हणून उलट पंधरा वेळां निम्मी करीत गेलें कीं बरोबर एक सेकंद मिळतो. हें मला फार सुंदर वाटतें, पण दादांना तेव्हां त्यांत गोडी नव्हती. त्यांनीं मापकयंत्र आणून बॅटरी मोजली. तीन व्होल्ट असावयास पाहिजेत तेथें दोन व्होल्ट आणि थोडें वर.

ही बॅटरी दसऱ्याला संपली नव्हती. कित्येक महिन्यांपूर्वींच ती संपत आलेली असणार. मग इतके दिवस यंत्र चाललें कसें? १९९५ सालीं इंटेल कंपनीनें पेटीची व वीजपुरवठ्याची जी नवी रचना ठरवली, तींत कळ बंद असली तरी भिंतींतून येणारी वीज पूर्ण तुटत नाहीं. पांच व्होल्टांचा एक बारीक प्रवाह फलकाला मिळत राहतो. यंत्र भिंतीला जोडलेलें असेपर्यंत त्या स्मृतीचा भार बॅटरीवर पडतच नाहीं. आमच्याकडे वीज गेली तरी इन्व्हर्टर चालू होतो. सप्तमीपासून दशमीपर्यंत तार भिंतींतून निघालेली होती, आणि वर्षानुवर्षांत प्रथमच सगळा भार त्या म्हाताऱ्या बॅटरीवर आला. तो तिला पेलला नाहीं. हें मी दादांना समजावून सांगितलें तेव्हां ते कांहीं बोलले नाहींत. पण चपाती भाजीला लावून थांबले, आणि मग जेवूं लागले.

दुपारीं घड्याळजीच्या दुकानांतून नवी बॅटरी आणली, तारीख-वेळ लावली, आणि यंत्राला पुढें जाऊं दिलें. ओळखीचें चिन्ह पडद्यावर आलें, क्षणभर सगळा पडदा निळा झाला, आणि यंत्र पुनः पहिल्यापासून सुरू झालें. तीनदां तसेंच. पुतण्यानें दूरध्वनीवर ऐकून सांगितलें, "बाबा, तबकडी गेली." या वेळीं मात्र दादांनीं "बरें" म्हटलें नाहीं. तबकडी फिरल्याचा आवाज मला येत होता, आणि नोंदींच्या पानावर तिचें नांव व मापहि दिसत होतें. "समोरचें ठाणें उत्तर देतें आहे," दादा म्हणाले, "तर तार तुटलेली नाहीं. दोघांची लिपी जुळत नसावी."

त्यांनीं केलेलें निदान अक्षरशः बरोबर ठरलें. नोंदी पुसल्या गेल्या म्हणजे यंत्र कारखान्यांतून निघालें तेव्हांच्या नोंदींवर परत जातें. तबकडीशीं बोलण्याच्या त्यांत दोन रीति होत्या: जुनी आय. डी. ई. आणि नवी ए. एच. सी. आय. कारखान्याची पसंती जुनीला होती. यंत्र जुळवणारानें २०११ सालीं ती बदलून नवी केली होती, आणि सारी प्रणाली त्या नव्या रीतीवर बसवली होती. आतां तिच्याशीं एकदम जुन्या रीतीनें बोलणें सुरू झाल्यामुळें ती आरंभींच अडखळून पडत होती. हें मला सुचलें असतें कीं नाहीं, आणि सुचलें तरी किती दिवसांनीं, हें सांगतां येत नाहीं. पण पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें लिहिलेल्या पांच ओळी होत्या. अक्षर वहिनींचें. जुळवणाऱ्या मुलानें त्या दिवशीं काय काय बदललें तें त्यांनीं त्याला विचारून विचारून टिपून ठेवलें होतें, आणि तिसरी ओळ होती: "तबकडी — ए. एच. सी. आय. ठेवणें. बदलूं नये." छापखान्यांत काम केलेल्या माणसाची ही संवय, खिळा कोठून उचलला त्याची नोंद ठेवल्याशिवाय तो दुसरीकडे बसवावयाचा नाहीं.

दादांनीं तें पान बराच वेळ हातांत धरलें. मग मला म्हणाले, "तूं वाच, मी दाबतों." मी पांचहि ओळी वाचल्या आणि त्यांनीं पांचहि नोंदी बदलल्या. यंत्र बंद होऊन पुनः सुरू झालें. एकच आखूड शिटी वाजली, तिचा अर्थ सर्व ठीक आहे असा, आणि मोर्समध्यें तें ई. थोड्या वेळानें वहिनींच्या पडद्यावरचीं त्यांची त्यांनीं लावलेलीं चित्रें जशींच्या तशीं समोर आलीं. ओव्यांची फाइल उघडली. चिन्हें सुद्धां जागच्या जागीं होतीं.

पेटीचें झांकण लावण्यापूर्वीं दादांनीं त्याच्या आंतल्या बाजूस नव्या बॅटरीची तारीख पेन्सिलीनें लिहिली आणि सवयीनें खालीं सही केली. कुंचला त्यांनीं टाकून दिला नाहीं. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून तो रंगाच्या डब्यांत गेला, यंत्राकडे यावयाचा नाहीं एवढ्या अटीवर. पुतण्याला मी तबकडीच्या दोन नकला काढून पाठवल्या आहेत, आणि त्यानें तो चिवडा निवडण्याचें काम मनावर घेतलें आहे. परंतु दादांचा कागदावर अधिक विश्वास. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं ओव्या छापावयास घेतल्या. रोज पन्नास छापावयाच्या, दुपारीं मोठ्यानें वाचावयाच्या, आणि समासांत खुणा करावयाच्या, असा क्रम गेले तीन आठवडे चालू आहे. दोनशें बारावी ओवी येईपर्यंत एकहि वाद झाला नव्हता. त्या ओवींत माहेरच्या वाटेवरचें एक गांव येतें. वहिनींनीं तें "आरळें" असें लिहिलें आहे, आणि दादा म्हणतात कीं आई "आरफळ" म्हणत असे, कारण आमची आत्या तेथें दिलेली होती. मला स्वतःला आरळें ऐकल्याचें आठवतें. आमची धाकटी बहीण कोरेगांवास असते, ती दिवाळीला येणार आहे. ती येईपर्यंत त्या ओवीपुढें दादांनीं एक लांब आणि एक आखूड रेघ ओढून ठेवली आहे.